पाण्याची जमाबंदी

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील वालेन्सिया नगरात तेथील कॅथीड्रलच्या एका दारावर येशूच्या शिष्यांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत, म्हणून त्याला प्रेषितांचे द्वार म्हणतात. दर गुरुवारी मध्यान्हीचे बारा वाजले, की या दारापुढे वर्तुळाकार मांडलेल्या खुर्च्यांवर काळे झगे पांघरलेले आठ गृहस्थ येऊन बसतात. हे धर्मोपदेशक नव्हेत आणि सरकारने नेमलेले न्यायाधीशही नव्हेत; तुरिया नदीतून निघालेल्या कालव्यांवर ज्यांची शेते भिजतात, त्या शेतकऱ्यांनी आपल्यातूनच निवडून दिलेले ते पंच होत. चोपदार एकेका कालव्याचे नाव पुकारतो. त्या कालव्यावर कोणी पाळी नसता पाणी घेतले असेल, कोणी पाट फोडला असेल, अथवा आपल्या हद्दीतील पाट साफ ठेवण्यात हयगय करून खालच्या शेतकऱ्याचे पाणी अडवले असेल, तर फिर्यादी आणि आरोपी तेथे उभे राहून आपापले म्हणणे तोंडी सांगतात. वकील नाही, लेखी अर्ज नाही, तारखा पडणे नाही. ज्या कालव्याचा तंटा असेल त्याचा पंच निवाड्यात भाग घेत नाही. बाकीचे मसलत करून जागच्या जागी निकाल देतात आणि त्यावर अपील चालत नाही. मूर लोकांच्या अमदानीपासून, म्हणजे सुमारे हजार वर्षांपासून ही वहिवाट चालत आली आहे, असे परंपरा मानते. युनेस्कोने 2009 मध्ये तिची नोंद मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात केली. पुष्कळ गुरुवारी फिर्यादच नसते. पुकारा होतो, कोणी पुढे येत नाही, आणि पंच उठून घरी जातात.

जगाच्या पाण्यावरील प्रकरणाचा आरंभ महासागरांपासून करण्याचा प्रघात सोडून तो या रिकाम्या न्यायसभेपासून केला, याचे कारण एवढेच, की ज्या देशात पाणी विपुल तो देश सुखी आणि ज्या देशात दुर्मिळ तो दुःखी, हे समीकरण वरवर कितीही निर्विवाद वाटले तरी जगाचा नकाशा बारकाईने पाहिला असता ते टिकत नाही. पाऊस किती पडला यापेक्षा पडलेल्या पावसाचा हिशेब कोणी ठेवला, कोणाच्या नावावर किती मांडला, आणि मांडताना कोणाचे नाव गाळले, यावरच लोकांचे बरेवाईट अधिक अवलंबून राहत आले आहे.

तरीही एकूण शिल्लक किती, हे आधी पाहिले पाहिजे. पृथ्वीवर सर्व मिळून सुमारे 138 कोटी 60 लाख घन किलोमीटर पाणी असल्याचा अंदाज आहे. एक घन किलोमीटर म्हणजे एक लाख कोटी लिटर. या अफाट राशीपैकी शेकडा साडेसत्त्याण्णव भाग खारा. उरलेल्या शेकडा अडीच भागातून दोन-तृतीयांशांहून अधिक पाणी अंटार्क्टिका, ग्रीनलंड आणि पर्वतशिखरांवर बर्फ होऊन पडलेले आहे, आणि शेकडा तीसच्या आसपास भूगर्भात आहे. आपण ज्यांना स्तोत्रे रचून वंदन केले त्या नद्यांमध्ये, जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी, कोणत्याही एका क्षणी दोन हजारांहून थोडेसेच अधिक घन किलोमीटर पाणी असते. सायबेरियातील बैकल या एका सरोवरात त्याच्या दसपटीहून जास्त पाणी आहे. मात्र नदीचा व्यवहार हा थोडक्या भांडवलावर मोठी उलाढाल करणाऱ्या व्यापाऱ्याचा असतो. तिच्यातील पाणी दर पंधरा-वीस दिवसांनी बदलते, त्यामुळे वर्षभरात जगातील नद्या चाळीस हजारांहून अधिक घन किलोमीटर पाणी वाहून नेतात. मनुष्यजात सर्व कामांसाठी नद्या, तळी आणि भूगर्भ यांतून दरसाल जे पाणी उपसते ते सुमारे चार हजार घन किलोमीटर, म्हणजे या वार्षिक प्राप्तीचा दहावा हिस्सा. केवळ बेरीज-वजाबाकी पाहणाऱ्याला चिंतेचे काही कारण दिसणार नाही.

परंतु ही प्राप्ती वाटली कशी गेली आहे? समुद्राला मिळणाऱ्या नदीजलाचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या ॲमेझॉनचा, आणि तिच्या खोऱ्यात जंगल विस्तीर्ण, वस्ती विरळ. ब्राझील हा जगातील सर्वांत जलसंपन्न देश असूनही त्याच देशाच्या साओ पावलो या महानगराला पाणी पुरवणारा कांतारेरा जलाशयसमूह 2014-15 मध्ये तळाला गेला, आणि कोट्यवधी नागरिकांनी नळ कोरडे पडण्याच्या भीतीत दिवस काढले. नकाशावर देशाच्या नावापुढे मांडलेला सरासरीचा आकडा तहानलेल्याच्या काही कामाचा नसतो. दुसरा एक गैरसमजही येथेच दूर करावयास हवा. पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर घागर आणि नळ येतात. वास्तविक जगातील उपशापैकी शेकडा सत्तर भाग शेतीला लागतो, वीस उद्योगांना आणि घरगुती वापराला जेमतेम दहा. त्यातही देशादेशांत मोठे अंतर आहे. भारतात शेतीचा वाटा शेकडा नव्वदीच्या घरात जातो. उलट फ्रान्ससारख्या देशात वीजकेंद्रांची यंत्रे थंड करण्यासाठीच एवढे नदीजल लागते, की 2003 आणि 2022 च्या उन्हाळ्यांत नद्या तापल्यामुळे तेथील काही अणुभट्ट्यांना उत्पादन कमी करावे लागले. तहान भागवणे हा पाण्याच्या खातेवहीतील अगदी किरकोळ खर्च आहे, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात वाचकाने ध्यानात ठेवावी.

लहान प्रमाणावर पाण्याचा हिशेब चोख ठेवण्याची कला मनुष्याला फार पूर्वी साधली होती, आणि ती बहुधा दुष्काळी मुलखांनीच साधली. इराणच्या रुक्ष पठारावर डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणून तेथील भूजल मंद उताराच्या बोगद्याने, वाटेत हवेसाठी व दुरुस्तीसाठी विवरे ठेवीत, कित्येक कोस दूरच्या गावापर्यंत आणण्याची जी कनात नावाची रीत आहे, तिच्यातील गोनाबाद येथील एक कनात सुमारे तेहतीस किलोमीटर लांब असून तिची मूळ विहीर तीनशे मीटरांहून खोल आहे. एवढ्या कष्टाने आणलेले पाणी मोजायचे कसे? तळाशी बारीक छिद्र असलेला तांब्याचा वाडगा पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात तरंगत ठेवायचा. तो भरून बुडाला की एक माप झाले, आणि ज्याच्या वाट्याला जितकी मापे तितका वेळ पाट त्याच्या शेतात. हे काम पाहणाऱ्या अंमलदाराला मीराब म्हणत. आपल्याकडील जुन्या लग्नांत मुहूर्त साधण्यासाठी घंगाळात सोडलेले घटिकापात्र ज्याने पाहिले असेल, त्या मराठी वाचकाला हे यंत्र ओळखीचे वाटेल. आपण त्याने लग्नघटिका मोजली, इराणी शेतकऱ्याने पाणी मोजले. कनातीची विद्या मात्र आपल्याकडे निश्चितपणे आली. निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर, ज्याची जमीन-जमाबंदी आपल्या इतिहासात नावाजलेली आहे, त्यानेच सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी येथे, म्हणजे पुढे औरंगाबाद झालेल्या शहरात, नहर-ए-अंबरी खणवून डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालून गावात खेळवले. खानदेश-बागलाणात पांझरा, मोसम या नद्यांवर जी फडपद्धती चालत आली, तिचे नाते इराणपेक्षा वालेन्सियाशी अधिक जवळचे आहे. बंधाऱ्यावरून निघालेल्या पाटाखालील जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाळी ठरलेली, आणि पाटकरी सर्व शेतकऱ्यांनी मिळून नेमलेला. या सर्व व्यवस्थांत एक गोष्ट समान आहे: पाणी वाटणारा आणि पाणी पिणारा एकाच गावचे, सकाळ-संध्याकाळ एकमेकांचे तोंड पाहणारे असत.

ही नजरेची लाज जेथे संपते तेथे, म्हणजे नद्या राज्यांच्या आणि राष्ट्रांच्या हद्दी ओलांडतात तेथे, हिशेबाची तऱ्हा बदलते. ईजिप्त आणि सुदान यांनी 1959 मध्ये नील नदीचा जो तहनामा केला, त्यात नदीचे वार्षिक पाणी 84 घन किलोमीटर धरले. साडेपंचावन्न ईजिप्तला, साडेअठरा सुदानला, आणि उरलेले दहा जलाशयातून बाष्प होऊन उडून जाईल म्हणून वजा टाकले. ज्या इथिओपियाच्या डोंगरांतून नीलेचे शेकडा पंच्याऐंशीच्या आसपास पाणी येते, त्या देशाचा या वाटणीत उल्लेखही नव्हता. खातेवहीत सूर्याचा हिस्सा मांडला गेला, उगमाच्या धन्याचा नाही! त्या धन्याने 2011 मध्ये निळ्या नीलेवर स्वतःचे प्रचंड धरण बांधावयास घेतले आणि 2025 मध्ये त्याचे उद्घाटन केले, तेव्हा कैरोत जो क्षोभ उसळला तो समजण्यासारखा होता. पण ज्या दस्तऐवजाच्या आधारावर तो उसळला, त्यावर अदिस अबाबाची सही कधी मागितलीच नव्हती.

अमेरिकेतील कोलोराडो नदीचा करार याहून शिकवणारा आहे, कारण येथे सात राज्यांचे प्रतिनिधी हर्बर्ट हूव्हर यांच्या अध्यक्षतेखाली महिनोन्‌महिने काथ्याकूट करीत होते आणि 24 नोव्हेंबर 1922 रोजी सांता फे येथे त्यांनी राजीखुशीने सह्या केल्या. माप एकर-फुटाचे, एका एकरावर एक फूट उभे राहील एवढे पाणी, म्हणजे सुमारे 12 लाख 33 हजार लिटर. वरच्या खोऱ्याला 75 लाख एकर-फूट, खालच्याला तितकेच. पुढे 1944 च्या तहाने मेक्सिकोला 15 लाख. बेरीज 1 कोटी 65 लाख. दोष बेरजेत नव्हता, जमेच्या आकड्यात होता. ज्या वर्षांच्या मोजणीवरून नदीची प्राप्ती ठरवली ती नेमकी सुकाळाची निघाली. पुढे जुन्या वृक्षांच्या खोडांतील वलयांचा अभ्यास झाला, तेव्हा विसाव्या शतकाचा प्रारंभकाळ हा कित्येक शतकांतील अतिवृष्टीचा काळ असल्याचे उघडकीस आले. चालू शतकात नदीत सरासरी सव्वा कोटी एकर-फुटांच्या आसपासच पाणी येते. सावकाराने वारसांत वाटणी करावी आणि नंतर कळावे की तिजोरीत तेवढे द्रव्य नव्हतेच, तसा हा प्रकार. फरक इतकाच, की येथे प्रत्येक वारसाने आपला हिस्सा गृहीत धरून शहरे वसवली, इंपीरियल खोऱ्यासारखी वाळवंटे हिरवी केली. जे तूट सोसू शकत नव्हते त्यांच्याकडून ती वसूल झाली. खोऱ्यातील मूळ रहिवाशांच्या जमातींचा करारात एका वाक्यात निर्देश आहे, आणि नदीमुखाजवळचा त्रिभुज प्रदेश तर कोणाच्याच यादीत नव्हता. कोलोराडो आज सामान्यतः समुद्रापर्यंत पोहोचत नाही. 2014 च्या वसंतात दोन्ही देशांनी संमतीने धरणातून मुद्दाम पाणी सोडले आणि काही काळ नदी समुद्राला भेटली, तेव्हा वाळूतून पुढे सरकणाऱ्या पाण्याच्या जिभेसोबत माणसे चालत गेली.

नदीची तूट निदान दिसते. भूगर्भातील तूट दिसत नाही, आणि म्हणून तेथे मोह अनावर होतो. सौदी अरबस्तानाच्या वाळूखाली हजारो वर्षांपूर्वी, त्या भूमीवर पाऊस अधिक होता त्या काळी, मुरलेले पाणी साठून आहे. ते आज भरून निघत नाही, म्हणजे ते मुद्दल आहे, त्याला व्याज नाही. तेलाच्या पैशाने कूपनलिका खोदून आणि जगातील भावाच्या कित्येक पटीने गहू खरेदी करण्याची हमी देऊन तेथील सरकारने वाळवंटात गव्हाची अशी शेती उभी केली, की 1992 च्या सुमारास वर्षाला चाळीस लाख टन गहू पिकू लागला आणि ज्या देशात एकही बारमाही नदी नाही तो देश गहू निर्यात करणाऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसला. एक टन गव्हाला ढोबळमानाने हजार टन पाणी लागते. लंडनच्या विद्यापीठात शिकवणारे टोनी ॲलन यांनी नेमक्या याच गोष्टीला आभासी पाणी हे नाव दिले: धान्याची गोणी एका देशातून दुसऱ्या देशात जाते, तेव्हा ती पिकवायला लागलेले पाणीही तिच्या आडून जाते. मध्यपूर्वेतील देश पाण्यासाठी एकमेकांशी लढले नाहीत, ते परदेशचा गहू विकत घेतल्यामुळे, हे त्यांचे प्रतिपादन होते. 2008 मध्ये त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. योगायोग असा, की त्याच वर्षी सौदी सरकारने गव्हाची खरेदी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले, आणि 2016 मध्ये ती बंद झाली. पण गाईंना वैरण हवीच होती. तेथील दुग्धव्यवसायातल्या एका मोठ्या कंपनीने 2014 मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात जमीन घेतली, तेथे लसूणघास पिकवला आणि जहाजांत भरून अरबस्तानात नेला. ॲरिझोनाच्या त्या ग्रामीण भागात भूजलाच्या उपशावर मर्यादा नव्हती. जमीन ज्याची, त्याने हवे तेवढे उपसावे. स्वतःच्या घरचे मुद्दल संपत आल्यावर दुसऱ्याच्या घरचे मुद्दल कायदेशीर मार्गाने वापरण्याची ही तजवीज चतुर खरी, परंतु आपली कूपनलिका कोरडी पडलेल्या शेजारच्या अमेरिकन शेतकऱ्याला तिचे कौतुक वाटले नाही.

हिशेबाच्या काटेकोरपणात सध्याच्या जगात सिंगापूरचा हात धरणारा विरळा. या बेटाला तो धडा कडू प्रसंगातून मिळाला. जानेवारी 1942 च्या अखेरीस माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी जपान्यांना अडवण्यासाठी बेटाला मुख्यभूमीवरील जोहोरशी जोडणारा सेतुमार्ग उडवला, तेव्हा त्यावरून बेटाला पाणी आणणारा नळही तुटला. पुढे बेटावरचे जलाशय शत्रूच्या हाती गेले आणि 15 फेब्रुवारीला शरणागती पत्करताना पाणी संपत आल्याचे कारण सेनापतीपुढे होते. स्वातंत्र्यानंतरही मलेशियातील जोहोर राज्याशी झालेला 1962 चा करारनामाच बेटाचा आधार राहिला. त्याची मुदत 2061 पर्यंत, आणि कच्च्या पाण्याचा दर हजार गॅलनांस 3 सेन. हा दर वाढवून मिळावा म्हणून मलेशिया वारंवार तक्रार करतो, आणि सिंगापूर दर वेळी करारातील कलम दाखवतो. मात्र कलमावर विसंबून तो झोपला नाही. दोन-तृतीयांश भूभागावर पडणारा पाऊस जलाशयांत वळवणे, समुद्राचे पाणी गोडे करणे, आणि 2003 पासून मोऱ्यांचे पाणी सूक्ष्म पडद्यांतून गाळून पुन्हा वापरात आणणे, अशी सर्व खाती त्याने उघडली. सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्यास देण्याचे पहिले धाडस मात्र नामिबियाच्या विंडहूक शहराचे. तेथे ते 1968 पासून चालू आहे, आणि पाहुण्यांनाही तेच पाणी मिळते.

आता आपल्या घरची वही. भारतावर दरसाल सुमारे चार हजार घन किलोमीटर पाणी पावसाच्या व हिमाच्या रूपाने पडते, त्यातील वापरता येण्याजोगे 1,123 घन किलोमीटर धरलेले आहे. जगाच्या गोड्या पाण्याचा शेकडा चार हिस्सा आणि जगाच्या लोकसंख्येचा शेकडा अठरा, असे हे प्रमाण आहे. धरणे आणि कालवे यांचा आपल्याकडे गवगवा पुष्कळ, परंतु देशाची शेती खरोखर तगली आहे ती विहिरी आणि कूपनलिका यांवर. वर्षाला अडीचशे घन किलोमीटरांच्या घरात भूजल उपसणारा भारत या बाबतीत जगात पहिला असून अमेरिका आणि चीन यांच्या एकत्रित उपशाहूनही आपला उपसा अधिक मानला जातो. पंजाबात शेतीपंपांना वीज फुकट मिळते आणि उपसा वार्षिक भरण्याच्या दीडपटीपुढे गेलेला आहे. ते पाणी भाताला जाते, आणि भारत हा तांदळाचा जगातील सर्वांत मोठा निर्यातदार आहे. सौदी अरबस्तानाने गव्हाचे जे केले ते आपण तांदळाचे करीत आहोत, आणि त्यांच्याप्रमाणे थांबण्याची तारीख आपण ठरवलेली नाही. महाराष्ट्राने पंजाबला नावे ठेवू नयेत: येथे लागवडीच्या अगदी अल्प क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा सिंहभाग पितो, आणि 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायचे पाणी मिरजेहून आगगाडीने पोहोचवावे लागले, ही गोष्ट जुनी झालेली नाही.

जमिनीखालचे हे पाणी कोणाचे, या प्रश्नाला आपल्याकडे ॲरिझोनाहून वेगळे उत्तर नाही. इझमेंट ॲक्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने जमिनीच्या धन्याला आपल्या हद्दीत, आपल्या जमिनीखाली मुरलेले आणि निश्चित प्रवाहात नसलेले पाणी गोळा करण्याचा व वापरण्याचा हक्क मान्य केला आहे. त्याला आवर घालणारे कायदे काही राज्यांनी केले, महाराष्ट्रानेही भूजलाचा कायदा केला, परंतु मूळ कलम पुस्तकात कायम आहे. त्या कायद्याचे साल 1882. तेव्हा विहिरीवर चामड्याची मोट असे. बैल धावेवरून उतरले की मोट वर येई, आणि बैल थकले की विहिरीलाही विसावा मिळे.